मोठे सभागृह: लोखंडी सांगाडा की चिऱ्याच्या भिंती?

गावात मोठे सभागृह बांधायचे ठरले की समितीच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, देवळाच्या आवारात पत्र्याची शेड शोभते का? आजोबांनी चिऱ्याचे घर बांधले, ते अजून उभे आहे. दुसरा म्हणतो, चिऱ्यात दोन वर्षे जातील. लोखंडी फ्रेम पावसाआधी उभी राहील आणि जत्रेचे नाटक यंदाच आत होईल. वाद रंगात आला की मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास म्हणतो, ‘सरळ स्लॅब घाला ना!’

वाद गोव्यात अधिक चिघळतो, कारण इथे दोन्ही बाजूंना खरोखर बळ आहे. चिरा म्हणजे जांभा, आपल्या पायाखालचाच दगड, आणि तो लावणारे गवंडी जवळच सापडतात. दुसरीकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारा वारा, आणि गरज अशी की एकाच छपराखाली भजनी सप्ताह, लग्न, नाटक आणि मुलांचे बॅडमिंटन. मध्ये खांब नको ही अट तर सगळ्यांचीच.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक सभागृह समोर धरू: 20 मीटर रुंद, 36 मीटर लांब, कडेची उंची 6 मीटर. फुटांत 65 बाय 118, आणि भिंत जवळजवळ 20 फूट.

आधी छपराचे बोला

वाद भिंतींचा वाटतो, पण निकाल छप्पर लावते. भिंतीकडे दोन अगदी वेगळी कामे असू शकतात. एक, छपराचा भार पेलून तो पायापर्यंत पोचवणे. दोन, नुसता आडोसा करणे: पाऊस, ऊन, कुत्री-मांजरे बाहेर ठेवणे. आपल्या जुन्या घरांत चिऱ्याची भिंत दोन्ही कामे करते. मोभ आणि वासे तिच्यावरच टेकलेले असतात. अशा भिंतीला भारवाहक भिंत म्हणतात.

अंगणात घातलेला मांडव आठवा. पोफळीचे खांब रोवले, आडव्या काठ्या बांधल्या की मांडव उभा राहिला. बाजूच्या झावळ्या काढून टाकल्या तरी तो पडत नाही. लोखंडी फ्रेम म्हणजे हेच: भार सांगाडा वाहतो, आणि भिंत कशाची करायची हा नंतरचा, वेगळा प्रश्न होतो. पत्र्याची करा, चिऱ्याची करा, अर्धी मोकळी ठेवा. बैठकीत भांडणारे दोघेही हे दोन प्रश्न एकात गुंडाळतात, म्हणून भांडण संपत नाही.

गाळा वाढला की काय होते

दोन आधारांमधल्या मोकळ्या अंतराला गाळा म्हणू. आपल्या सभागृहाचा गाळा 20 मीटरचा आहे. घराच्या खोलीचा असतो चार मीटरचा. पाचपट गाळ्याला पाचपट जाड तुळई, असा हिशेब मनात येतो, पण तो तसा चालत नाही. दर मीटरला भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला तर तुळईला वाकवणारा जोर चौपट होतो, आणि तुळई तीच ठेवली तर तिचा झोक, म्हणजे मध्ये खाली झुकणे, सोळापट होतो. चार मीटरवर जिथे लाकडाचा वासा पुरतो, तिथे वीस मीटरवर मुळापासून वेगळी रचना लागते.

स्लॅबची सूचना इथेच गळते. सहा इंची काँक्रीट स्लॅबचे वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलो. आपल्या 720 चौरस मीटरांवर ते 270 टन झाले, आणि ते तोलायला दीड मीटरच्या आसपास खोल तुळया हव्यात, ज्यांचे स्वतःचे वजन वेगळेच. होत नाही असे नाही, होते. पण तुळई आपला बराचसा जीव स्वतःलाच उचलण्यात घालवते. सहा मीटर उंचीवर सेंट्रिंग लावण्याचा खर्च अंदाजपत्रक येईपर्यंत कुणाला आठवत नाही.

पत्र्याचे छप्पर, त्याखालच्या पट्ट्या (फॅब्रिकेटर यांना पर्लिन म्हणतात) आणि मुख्य सांगाडा हे सगळे मिळून चौरस मीटरला तीस-पस्तीस किलोत बसते. म्हणजे स्लॅबच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

हे जमते ते लोखंडाच्या स्वभावामुळे. (नेमके बोलायचे तर पोलाद, पण आपण सगळे लोखंडच म्हणतो.) चिरा दाबला तर तग धरतो, ताणला किंवा वाकवला तर तुटतो. लोखंड ताणा नाहीतर दाबा, सारख्याच ताकदीने उभे राहते. भारतीय मानक आयएस 3620 बांधकामाच्या चिऱ्याकडून किमान 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतकी दाबशक्ती मागते. म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 35 किलो. साधे बांधकामाचे लोखंड 250 न्यूटनपर्यंत, म्हणजे सत्तरपट भार घेऊनही पुन्हा मूळ आकारात येते.

अशा शेडचे खांब नीट पाहिले असतील तर ते खाली अरुंद आणि वर रुंद दिसतात. उलटे वाटते, पण त्यात चूक नाही. खांब आणि छपराची तिरकी तुळई एकमेकांना घट्ट जखडलेली असतात, त्यामुळे वाकवणारा सर्वांत मोठा जोर त्या कोपऱ्यात येतो. लोखंड जिथे लागते तिथेच घातलेले असते. या आकाराला पोर्टल फ्रेम म्हणतात. कारखान्यात तयार करून आणलेल्या इमारतींना व्यवहारात पीईबी (प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग) म्हणतात, त्यांचाही गाभा हाच.

मग जुन्या गोव्यातली चर्चे उभी कशी?

हा आक्षेप रास्त आहे. से कॅथेड्रल 1562 ला सुरू होऊन 1619 ला पुरे झाले, लांबी 76 मीटर. बॉम जीझस बॅसिलिका 1594 ते 1605 मधली. लोखंडी फ्रेम तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

पण त्या इमारतींची किंमत काय मोजली ते पाहायला हवे. से कॅथेड्रलमध्ये दोन्ही बाजूंना जाडजूड खांबांच्या ओळी आहेत. एवढी रुंदी एका गाळ्यात पार केलेली नाही. भिंतींची जाडी आजच्या नऊ इंची भिंतीच्या कित्येक पट. बॅसिलिकेच्या भिंतीला बाहेरून आधार देणारे कमानदार धिरे 1862 मध्ये बांधले गेले. दगडी कमान किंवा घुमट वरून खाली दाबतो तसाच बाहेरही ढकलतो, आणि उंच भिंतीची भीती त्या ढकलण्यातूनच असते.

सेंट ऑगस्टीनचा मनोरा सगळ्यांनी पाहिला आहे, 46 मीटर उंच, चिऱ्याचा. 1602 मध्ये पुरे झालेले ते चर्च 1835 नंतर ओस पडले आणि 1842 मध्ये त्याचे कमानदार छत कोसळले. देखभाल थांबल्यावर सात वर्षांत. ‘चिऱ्याला काही करावे लागत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा जाऊन यावे.

आपल्या देवळांनी दुसरी वाट धरली. तांबडी सुर्ल्याच्या दगडी मंडपात पाहा, नाहीतर फोंड्याकडच्या कुठल्याही सभामंडपात पाहा: खांब जवळजवळ आहेत. कीर्तनाला त्याने काही बिघडत नाही, लोक खांबाला पाठ टेकून बसतात. नाटकाला आणि बॅडमिंटनला बिघडते. खांब चालत असतील तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, आणि माझ्या मते समितीने सर्वांत आधी हेच स्वतःला विचारावे. ‘मध्ये खांब नको’ ही अट सवयीने घातली जाते, आणि सर्वांत महाग अट तीच असते.

चिरा दबत नाही, ढकलला जातो

आपल्या सभागृहाच्या सहा मीटर उंच भिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनाचा दाब किती येतो? चौरस सेंटिमीटरला दीड किलोसुद्धा नाही. चिरा 35 सोसतो. भार पेलण्यात तो कुठेही कमी नाही, हे आधी मान्य करू.

अडचण वाऱ्याची आहे. वाऱ्यासाठीच्या आयएस 875 या मानकाने पणजीला मूळ वेग धरला आहे सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. रोजचा वारा असा नसतो, पण इमारतीने आयुष्यात एकदा तो सोसावा अशी अपेक्षा असते. तौक्ते वादळ मे 2021 मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर न चढता बाजूने गेले, तरी झाडे आणि विजेचे खांब किती पडले ते आठवत असेल. या वेगाचा दाब चौरस मीटरला सुमारे 93 किलो होतो. सहा मीटर उंच, सहा मीटर रुंद भिंतीच्या तुकड्यावर तो तीन टनांच्या पुढे जातो, आणि तोही आडवा. वर छपराने नीट धरून न ठेवलेली, मध्ये आधार नसलेली नऊ इंची भिंत त्यापुढे म्हणजे उभा केलेला पातळ पाट.

छपराची गत याहून गंमतीची आहे. लोकांना वाटते, वारा छप्पर खाली दाबतो. सपाटशा उताराच्या छपरावरून वारा वेगाने गेला की वर ओढ तयार होते, आणि उघड्या दारांतून आत शिरलेली हवा खालून ढकलते. दोन्ही मिळून छप्पर उचलले जाते. पत्रे आणि पट्ट्या यांचे वजन चौरस मीटरला जेमतेम दहा-बारा किलो. उचलणारा जोर वादळात त्याच्या पाच-सहा पट सहज होतो. म्हणून फ्रेमला पाया लागतो तो भार पेलण्यासाठी, आणि तितकाच तिला जमिनीत धरून ठेवण्यासाठी.

यातूनच गावोगाव दिसणारा एक धोकादायक प्रकार उघडा पडतो. चिऱ्याच्या उंच भिंती बांधायच्या, त्यांच्यावर लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) नुसत्या टेकवायच्या, दोन-चार बोल्ट सिमेंटात पुरायचे आणि पत्रे ठोकायचे. दोन्हींतले स्वस्त घेतले असे वाटते. प्रत्यक्षात दोन्हींतले कमकुवत एकत्र येते. वरचा चिरा कैचीला धरून ठेवू शकत नाही, आणि कैची भिंतीला आडवा आधार देईलच असे नाही. हे करायचेच असेल तर भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा हवा, तो खालच्या काँक्रीट खांबांशी सळ्यांनी जोडलेला हवा, आणि कैच्या त्या पट्ट्यात जखडलेल्या हव्यात. एवढे केले की ती चिऱ्याची इमारत उरत नाही, कॉलम-बीमची होते. मग हिशेबही तसाच करावा.

भूकंपाबद्दल थोडक्यात. आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोका. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात येतो. आपल्या सभागृहाच्या चारही भिंती पूर्ण चिऱ्याच्या केल्या तर दारे-खिडक्या वगळून तीनशे टनांच्या आसपास जातात. लोखंडी सांगाडा वीस-पंचवीस टनांचा. सड्यावर, पक्क्या कातळावर बांधताना या वजनाची पर्वा नाही. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या, मऊ जमिनीवर मात्र आहे, कारण तिथे जड भिंत एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी खचते, आणि तिरक्या भेगा पडू लागतात.

‘पण लोखंड आपल्याकडे गंजणार नाही का?’

गंजणार. या आक्षेपाला टाळता येत नाही, आणि फॅब्रिकेटर ‘कलर मारून देतो’ म्हणाला की समाधान मानायचे नाही.

गंजाला पाणी आणि हवा लागते. मीठ तो वेगाने वाढवते. समुद्राच्या पहिल्या काही शे मीटरांत मारा सर्वांत तीव्र असतो, पुढे झपाट्याने कमी होतो. किनाऱ्यावरचे पणजी-मिरामार आणि आत दूरवरचे वाळपई यांना एकच रंग सांगणारा माणूस अभ्यास करून आलेला नाही. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: पावसात भिजणाऱ्या भागापेक्षा छपराच्या खालचा, पाऊस न पोचणारा, पण खारा वारा लागणारा भाग आधी गंजतो. उघड्या भागावरचे मीठ पाऊस धुऊन टाकतो, आडोशाच्या भागावर ते साचत राहते.

संरक्षणाचे दोन मार्ग आहेत. पहिला, वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्वनाइझ करणे. जाड तुकड्यांवर असा थर साधारण 85 मायक्रॉनचा बसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). किनारी हवेत जस्त वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजते, म्हणजे वीस ते चाळीस वर्षे. लाटांच्या तुषारांत त्याच्या निम्मीच धरा. थर चढवल्यावर जागेवर वेल्डिंग केले की तिथले जस्त जळून जाते, म्हणून जोड बोल्टचे ठेवायचे. मुख्य फ्रेमचे मोठे तुकडे जस्ताच्या टाकीत मावत नाहीत ही अडचण खरी आहे. तिथे दुसरा मार्ग: कणांचा मारा करून लोखंड चकचकीत साफ करणे, त्यावर जस्तयुक्त प्रायमर, मग इपॉक्सीचा थर आणि शेवटी उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेन रंग. तिन्ही थरांइतकीच ती सफाई महत्त्वाची. गंजावरून फिरवलेला भारी रंग गंजासकट सुटतो. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत घराच्या खिडकीच्या गजांना ठीक. वीस फूट उंचीवरच्या सांगाड्याला ती वापरणे म्हणजे दर दोन-तीन पावसाळ्यांनी परांची बांधायचा करार करणे.

आणि खांबाचा पाय. बहुतेक शेड तिथूनच मरतात. खांबाची तळपट्टी फरशीच्या पातळीला किंवा तिच्याखाली गाडली की फरशी धुताना, पावसाच्या उडत्या पाण्यात तिथे कायम ओल राहते. काँक्रीटचा ओटा फरशीच्या एक फूट तरी वर काढून त्यावर खांब बसवावा. खर्च नगण्य. तरी निम्म्या ठिकाणी तो दिसत नाही, याचे मला आजवर उत्तर मिळालेले नाही.

चिरा गंजत नाही हे खरे, पण चिऱ्याच्या इमारतीत दारांवरचे लिंटेल, काँक्रीटचे पट्टे, त्यांतल्या सळ्या असतातच, आणि त्याही गंजून काँक्रीट फोडतात. उघडा चिरा पाणी पितो. बॉम जीझसचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला. आज आपल्याला ती तांबूस भिंत हीच तिची ओळख वाटते, पण पावसाने चिरा झिजत असल्याने गिलावा परत करावा का, हा वाद अजून चालू आहे. देखभाल दोन्हींकडे आहे. लोखंडाची हलगर्जी लवकर दिसते, एवढा फरक.

उन्हाळ्यात भट्टी, पावसात ढोल

पत्र्याखाली बसलेल्या कुणालाही ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. मात्र तिचा उपाय म्हणून चिऱ्याच्या भिंती सुचवल्या जातात, तिथे गफलत होते. मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य गोव्यात बरोबर डोक्यावर असतो. भिंतींना तेव्हा फारसे ऊन लागतच नाही, सगळे 720 चौरस मीटर छपरावर पडते. बाहेर 34 अंश असताना गडद पत्रा साठीच्या पुढे तापतो आणि खालच्या माणसांवर उष्णता फेकत राहतो. भिंती कितीही जाड करा, उकाडा वरून येणार. पैसे घालायचे तर छपरात घाला: फिकट रंगाचा पत्रा, त्याखाली काचलोकर किंवा दगडलोकरीचा (ग्लासवूल, रॉकवूल) थर, आणि मोभाजवळ गरम हवा निघून जायला सलग फट. तोच थर पावसाचा आवाजही दाबतो. तो नसेल तर जुलैतल्या सप्ताहात मृदंग आणि पाऊस यांची जुगलबंदी होईल, आणि ती पाऊसच जिंकेल.

गळतीचा विषयही छपराचाच. दहा मीटर लांबीचा पत्रा रात्र आणि दुपार यांत चाळीस अंशांनी तापला तर सुमारे पाच मिलिमीटरने लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. रोज. स्क्रूची भोके त्याने सैल होतात, रबरी वॉशर झिजतात. काही वर्षांनी वॉशर-स्क्रू बदलणे हे खर्चात धरूनच ठेवावे. पन्हळीचा आकार मात्र आधीच बरोबर हवा: तासाला 100 मिलिमीटर पाऊस कोसळला तर अर्ध्या छपरावरून तासाला 36 हजार लिटर पाणी एका पन्हळीत येते. दुकानात तयार मिळणारी चार इंची पाइप दोन ठिकाणी लावून ते जात नाही.

आग लागली तर?

लोखंड जळत नाही, पण 550 अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते, आणि मोठ्या आगीत उघडे लोखंड तिथवर पोचायला अर्धा तासही पुरतो. चिऱ्याची भिंत या बाबतीत निःसंशय सरस. पण भिंत सरस म्हणून छप्पर सुटत नाही. लाकडी वाशांचे असो की कैच्यांचे, ते तसेच सापडते.

सभागृहात माणसे वाचतात की नाही हे बहुधा त्याआधीच ठरते. 2025 च्या डिसेंबरात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत 25 जण गेले, त्यांतले बरेच जण धुराने गुदमरून. तेव्हा विचारायचे ते असे: दारे किती, बाहेरच्या बाजूला उघडतात का, नाटकाच्या पडद्यांजवळची वायरिंग कुणी केली, छपराखालचा थर फोमचा आहे की दगडलोकरीचा. फोम भरलेले पॅनेल थंड ठेवतात, हलके असतात आणि पेटतातही. दगडलोकर महाग पडते, पण पेटत नाही. गर्दीच्या सभागृहात मी फोम घेणार नाही. अग्निशामक संचालनालयाचा दाखला ही शेवटची सही असू नये. नकाशा कच्चा असतानाच तिथे जावे.

मग भिंती चिऱ्याच्या नकोतच?

हव्यात की. सांगाडा लोखंडाचा आणि आडोशाला चिरा, हा मेळ गोव्याला मला सर्वांत योग्य वाटतो. आणि चिरा पूर्ण उंचीपर्यंत नको, आठ-दहा फुटांपर्यंत. तिथवर माणसांचे धक्के, पावसाचे उडते पाणी, ओल, सगळे तो सोसतो. त्याच्यावर पत्रा किंवा हवेशीर झडपा. तीनशे टनांच्या जागी दीडशे टनांहून कमी वजन येते, देवळाच्या आवारात शोभाही जात नाही.

यात एक खोच आहे. फ्रेम वाऱ्यात डोलते, डोलायलाच हवी. चिरा डोलत नाही, तडकतो. लोखंडी बांधकामाच्या आयएस 800 या मानकात अशा इमारतीच्या खांबाचा माथा किती हलू द्यावा याच्या दोन मर्यादा आहेत. भिंती पत्र्याच्या असतील तर उंचीच्या 150 व्या भागापर्यंत, चिरा-विटांच्या असतील तर 240 व्या भागापर्यंतच. आपल्या सहा मीटरला त्या 40 आणि 25 मिलिमीटर होतात. पत्र्याच्या भिंती धरून काढलेल्या फ्रेममध्ये नंतर कुणाच्या तरी आग्रहाने चिरा भरला की पहिल्याच पावसाळ्यात खांबाशेजारी उभी भेग दिसते, आणि मग दोष गवंड्याला. भिंत कशाची, हे फ्रेमचे डिझाइन होण्याआधी लेखी सांगायचे. चिरा आणि खांब यांच्यात बोटभर फट ठेवून ती मऊ भराव्याने भरायची, आणि भिंत पडू नये म्हणून न गंजणाऱ्या पट्ट्यांनी खांबाला बांधायची. गवंडी फट ठेवायला नाखूश असतात, त्यांना ती कामातली कसर वाटते. उभे राहून करून घ्यावे लागते.

नुसता चिरा कधी बरा? गाळा सात-आठ मीटरच्या आत असेल, किंवा मधले खांब चालत असतील, तर. वाचनालय, बालवाडी, भजनाची खोली, पाहुण्यांच्या खोल्या. तिथे लोखंडी फ्रेम आणणे म्हणजे उगाच खर्च. जवळच्या खाणीचा किंवा सिंधुदुर्गातून आलेला चिरा, कौलांचे उतरते छप्पर, पुढे पडवी. त्यात सुधारण्यासारखे मला फारसे काही दिसत नाही.

पैसे एकदम नसतील तर

लोखंडाचा भाव किलोवर असतो आणि तो सतत हलतो, म्हणून इथे रुपये लिहिण्यात अर्थ नाही. पण किलो विचारता येतात. आपल्या मापाच्या सभागृहाला सांगाडा आणि पट्ट्या मिळून चौरस मीटरला 25 ते 35 किलो, म्हणजे 18 ते 25 टन. याच्या फार खालचा आकडा घेऊन कुणी आला तर स्वस्त म्हणून खूश होण्याआधी त्याने वाऱ्याचा वेग किती धरला ते विचारावे. फार वरचा असेल तर खांबांमधले अंतर आणि छपराचा आकार पुन्हा पाहावा. दोन निविदांची तुलना चौरस फुटाच्या दराने करण्यापेक्षा टनांनी आणि रंगाच्या मायक्रॉननी करावी.

फ्रेमचा एक मोठा फायदा आपल्याकडच्या वर्गणीवर चालणाऱ्या कामांना होतो: या वर्षी सांगाडा आणि छप्पर, पुढच्या वर्षी भिंती, त्यानंतर रंगमंच. भारवाहक भिंतींत हे शक्य नाही, तिथे छप्पर शेवटीच येते. पण टप्प्यांचा क्रम वाऱ्याला विचारून ठरवावा लागतो. चारही बाजू उघड्या असतील तर वारा आरपार निघून जातो. तीन बाजू बंद आणि एक उघडी, ही सर्वांत वाईट अवस्था: वारा आत शिरतो, अडकतो आणि छप्पर खालून उचलतो. देणगीदार मिळेल तशी एकेक भिंत बांधत गेलो तर एखाद्या पावसाळ्यात इमारत नेमकी याच अवस्थेत उभी असेल. म्हणून समोरासमोरच्या भिंती जोडीने बांधायच्या, शेवटची जोडी एका मोसमात पुरी करायची, आणि हा क्रम इंजिनिअरला पायाचे बोल्ट ठरण्याआधी सांगायचा, म्हणजे तो मधल्या अवस्थेचाही हिशेब करील.